साडेदहाची खूण

क्रेनच्या केबिनपर्यंत दोनशे बारा पायऱ्या होत्या आणि एकदा वर गेलं की दुपारच्या जेवणापर्यंत उतरायचं नाही, असा तिचा शिरस्ता होता. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण उभ्या शिडीवरून उगाच चढउतार करायला गुडघे काय फुकटचे आलेत? सात वर्षं ती हेच काम करत होती. बांधकामावरची माणसं तिला ‘वरच्या ताई’ म्हणत. नव्याने आलेल्याला वाटायचं, कुणीतरी मोठी अधिकारी बाई असणार. मग दुपारी कमरेला पट्टा आणि पाठीला डबा अशी एक लहान चणीची बाई शिडीवरून उतरताना दिसली की त्याचा आ वासायचा.

कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन टन सळयांचा भारा ती असा टेकवायची की शेजारी ठेवलेल्या कपातला चहा हलू नये. याचं श्रेय ती स्वतः मात्र मामांना द्यायची. मामा म्हणजे खालून खुणा करणारे सिग्नलवाले. ते सगळ्या बांधकामाचेच मामा होते. सत्तावन्न वर्षांचे, हातात लाल मोजे, गळ्यात वॉकीटॉकी. पण वॉकीटॉकीवर बोलायचा त्यांना मनस्वी कंटाळा. ‘तोंड काय, काहीही बडबडतं. हाताचं तसं नसतं,’ असं म्हणायचे आणि हातानेच काम भागवायचे. तळवा खाली करून हात खाली नेला की भार खाली. बोट वर करून फिरवलं की भार वर. मूठ आवळून धरली की थांब. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं, ‘खाली शंभर माणसं हात हलवू देत, तू एकाच हाताकडे बघायचं. माझ्या. ज्या दिवशी दुसरीकडे बघशील त्या दिवशी मी तरी मरेन, नाहीतर तू तरी तुरुंगात जाशील.’

सात वर्षं ती फक्त त्या लाल मोज्यांकडे बघत आली होती. मग जुळी पोरं शाळेत जायला लागली आणि घोळ झाला.

मुलगी मुंगी आणि मुलगा ढब्बू. ही घरातली नावं. खरी नावं शाळेच्या दाखल्यावरच काय ती. मुंगी सात मिनिटांनी मोठी होती आणि त्या सात मिनिटांचा मान रोज वसूल करून घ्यायची. ढब्बू अबोल. त्याचं बोलणंसुद्धा बहुतेक वेळा मुंगीच उरकून टाकायची. नवरा घरीच सोफ्यांच्या गाद्या आणि कव्हरं शिवायचा, त्यामुळे साडेचार वर्षं दोघं फोमच्या तुकड्यांतच लोळली, वाढली. आणि घरात त्यांचा खेळ एकच, क्रेन-क्रेन. आई पलंगावर उभी राहायची, ओढणीला चमचा बांधून हूक करायची, पोरं जमिनीवरून खुणा द्यायची. वर. खाली. थांब. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की जेवताना वाढ पुरे झाली तर ढब्बू ‘पुरे’ म्हणायचा नाही, मूठ आवळून धरायचा. नवरा वैतागायचा. ‘हे घर आहे की बांधकाम?’

शाळा बांधकामाला अगदी खेटून होती. मधे फक्त एक गल्ली. तिथे प्रवेश मिळाला तेव्हा हिला आभाळ ठेंगणं झालं.

‘अरे, पोरं डोळ्यांसमोर राहतील माझ्या,’ ती नवऱ्याला म्हणाली.

‘डोळ्यांसमोर माल असायला हवा ना पण तुझ्या,’ तो म्हणाला. तो शहाणा माणूस होता, आणि शहाण्या माणसाचं घरात जेवढं ऐकलं जातं तेवढंच त्याचं ऐकलं गेलं.

शाळेचा पहिला दिवस तिने पन्नास मीटर उंचीवरून पाहिला. साडेआठ वाजता नवरा दोघांना घेऊन फाटकाशी आला. मुंगी मागे वळूनही न पाहता आत गेली, जणू शाळा तिच्याच मालकीची. ढब्बूने बापाचा पाय धरला. तो पाय सोडवायला बाईंना, शिपायाला आणि बापाला मिळून पाच मिनिटं लागली. आवाज काही ऐकू येत नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. नुसतं उघडं तोंड दिसत होतं. हिच्या हुकाला तेव्हा काँक्रीटची बादली लटकत होती, आणि हिचा जीव बादलीहून जास्त टांगणीला लागला होता.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत ढब्बू मैदानाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या नळापाशी एकटाच येऊन उभा राहिला. मान वर करून त्याने क्रेनकडे पाहिलं. मग उजवा हात पुढे धरला, तळवा खाली केला आणि हात खाली नेला. पुन्हा नेला. पुन्हा नेला.

खाली ये.

साडेदहाची वेळ. बांधकामावर चहाची सुट्टी, हूक रिकामा, मामा टपरीवर. आपण काय करतोय याचा फार विचार न करता तिने उजव्या हाताचा दांडा किंचित पुढे ढकलला. रिकामा हूक मीटरभर खाली गेला.

ढब्बूचा हात हवेतच थांबला. मग त्याने बोट वर करून फिरवलं. हूक वर आला. आणि त्या पोराने, शाळेत जायला लागल्यापासून पहिल्यांदा, उडी मारली.

झालं. तेव्हापासून रोज साडेदहाला ढब्बू नळापाशी आणि ही दांड्यावर हात ठेवून. दोनदा खाली, दोनदा वर, मग मूठ. बस्स, एवढंच. त्यानंतर तो डबा खायचा, पोरांत जायचा. सकाळचं रडणं थांबलं. बाईंनी नवऱ्याला सांगितलं, बाळ छान रुळलं हो तुमचं. नवऱ्याने ते हिला सांगितलं. ही गालातल्या गालात हसली आणि गप्प बसली. नवऱ्यापासून लपवलेली ही तिची पहिलीच गोष्ट नव्हती. पण लपवताना छातीत धडधडावं अशी पहिलीच.

मामांच्या नजरेतून सुटेल तर ते मामा कसले! सहाव्या दिवशी जेवणाच्या वेळी ते तिच्या शेजारी येऊन बसले.

‘तुझा हूक हल्ली स्वतःच्या मनाने चालतो का गं?’

‘ब्रेक तपासत होते मामा.’

‘रोज साडेदहाला?’

ती डब्यात बघत राहिली. मामांनी गल्लीपलीकडच्या मैदानाकडे पाहिलं. शाळा नुकतीच सुटत होती आणि नळापाशी एक गुटगुटीत पोरगं हात वर करून कुणाला तरी काहीतरी दाखवत होतं.

‘तुझा?’

तिने मान हलवली.

‘हे बघ पोरी. हूक रिकामा असला तरी त्याला खूण माझीच. उद्या भरल्या हुकाला हा असाच हात दिसला तर?’

‘नाही दिसणार. चहाच्या सुट्टीतच असतं ते. पण तुम्ही म्हणताय तर कानाला खडा.’

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ढब्बू वीस मिनिटं खुणा देत राहिला. आधी शांतपणे, मग जोरजोरात, मग दोन्ही हातांनी. घंटा झाली तेव्हा बाईंना त्याला उचलून न्यावं लागलं. संध्याकाळी नवरा म्हणाला, ‘आज काय झालं कुणास ठाऊक, डबा तसाच परत आणला. चड्डी ओली केली. बाई म्हणाल्या, दोन दिवस घरी ठेवून बघू या का?’

कानाचा खडा एका रात्रीत गळून पडला. पुढच्या साडेदहाला हूक पुन्हा खाली-वर झाला. मामा टपरीवर उभे होते. त्यांनी वर पाहिलं, चहाचा घोट घेतला आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. तिने ते पाहिलं आणि मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. खरं तर तेव्हाच तिला भीती वाटायला हवी होती.

पंधरवडा असा गेला. मग तो गुरुवार उजाडला.

सव्वादहा वाजले होते. सळयांचा भारा तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर न्यायचा होता. चहाच्या आधीची ती शेवटची खेप. मामा स्लॅबच्या कडेपासून चार पावलांवर उभे होते, मागे दोन कामगार. भारा स्लॅबच्या वर दोन पुरुष उंचीवर आला तेव्हा मामांनी मूठ आवळली. थांब. भारा थांबला. तो आडवा झाला होता, वळवायला हवा होता. त्याला बांधलेली दोरी धरायला मामा पुढे सरकले. एक हात दोरीवर, दुसऱ्या हाताची मूठ तशीच वर. तिची नजर त्या लाल मुठीवर.

आणि डोळ्याच्या कोपऱ्यात मैदान भरून गेलं.

साडेदहा व्हायचे होते. सुट्टी आज लवकर सोडली होती. वर्गात बाकं बदलायची होती म्हणे, हे तिला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की ढब्बू धावत नळापाशी येतोय आणि आज तो एकटा नाही. त्याच्यामागे पाच-सहा पोरं होती. बघा बघा, म्हणून त्याने त्यांना गोळा करून आणलं होतं. त्याने ऐटीत हात पुढे केला. तळवा खाली. हात खाली.

तिचा उजवा हात पुढे गेला.

तिने ठरवलं नव्हतं. मनात असं काही आलंसुद्धा नव्हतं. तो हात पंधरा दिवस त्या खुणेला उत्तर देत होता, त्याने आजही दिलं. पापणी लवते न लवते तोच दोन टन लोखंड माणसाच्या उंचीइतकं खाली आलं. तिने दांडा मागे ओढला. भारा हिसका खाऊन थांबला आणि झुलला. मामांनी स्वतःला मागे झोकून दिलं होतं. सळयांची टोकं त्यांच्या डोक्यावरून खरवडत गेली, हेल्मेट उडालं आणि तीन मजले खाली जाऊन पडलं. मामा स्लॅबवर उताणे पडले होते. ते हलत होते की नव्हते, हे पन्नास मीटरवरून कळत नव्हतं.

वॉकीटॉकीचं बटण दाबायचं असतं हेही तिला आठवेना.

मग खरखर झाली.

‘आहे मी,’ मामांचा आवाज आला. ‘भारा अजून लटकतोय. आधी तो टेकव. माझ्याकडे बघ. फक्त माझ्याकडे.’

ते उठून बसले होते. उजवा हात कोपरापासून लोंबत होता. त्यांनी डावा हात वर केला. त्या डाव्या हाताच्या खुणांवर तिने भारा उतरवला, बोट-बोट, थोडासा खाली, थांब, थोडासा खाली. इतका वेळ तिला आजवर कधीच लागला नव्हता. मैदानात काय चाललंय ते तिने बघितलं नाही. भारा टेकला, दोर सैल पडले.

‘आता खाली ये,’ मामा म्हणाले.

दोनशे बारा पायऱ्या. खाली पोहोचली तोवर सुपरवायझर साहेब आले होते, मामांना खुर्चीवर बसवलं होतं, कुणीतरी त्यांचं कोपर धूत होतं. सगळी माणसं गोळा झाली होती. गर्दीने तिला वाट करून दिली.

‘काय झालं?’ साहेबांनी विचारलं.

‘माझी खूण चुकली साहेब,’ मामा म्हणाले. तिने तोंड उघडायच्या आधीच म्हणाले. ‘दोरी धरायच्या नादात मूठ सुटली आणि हात खाली गेला. वय झालं आता.’

‘तीस वर्षांत पहिल्यांदा?’

‘एकदा तरी व्हायचंच.’

साहेब तिच्याकडे वळले. ‘तुम्ही काय पाहिलंत?’

आता बघा, तिने गप्प बसायला हवं होतं. निदान गप्प. दातखीळ बसली म्हणून चाललं असतं. घाबरलेल्या बाईला कुणी काय म्हणालं असतं? पण तिच्या डोळ्यांपुढे एकदम सगळं येऊन गेलं. लायसन जाणार, केबिन जाणार, गाद्यांच्या शिलाईवर चौघांचं कसं भागायचं. आणि भीतीने तिचं तोंड उघडलं.

‘मामांचा हात खाली गेला,’ ती म्हणाली.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. ‘उद्यापासून तुम्ही गेटवर बसा मामा. सिग्नलला नको. वाईट वाटतं, पण नको.’ मग ते ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीकडे निघून गेले आणि माणसं पांगली.

ती मामांसमोर उकिडवी बसली.

‘का केलंत असं?’

‘पंधरा दिवस बघत होतो मी,’ मामा म्हणाले. ‘तुला अडवायचं काम माझं होतं. मी चहा पीत उभा राहिलो. म्हणून म्हटलं, माझी चूक. ती होतीच.’ त्यांनी दुखरा हात मांडीवर सावरून घेतला. ‘पण तू माझ्यावर साक्ष देशील असं वाटलं नव्हतं.’

तिने मान खाली घातली. जमीन पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

‘इथे बसू नको,’ मामा म्हणाले. ‘पोराकडे जा. त्याने सगळं पाहिलंय.’

तिला चपराक बसल्यासारखं झालं. ढब्बू तिच्या डोक्यातूनच गेला होता. स्लॅब शाळेच्या मैदानातून सरळ दिसायचा. ती गल्ली ओलांडून धावली.

मैदानाच्या या बाजूला जाळीचं कुंपण होतं. बाकं अजून लावून झाली नव्हती, म्हणून सुट्टीही संपली नव्हती. पोरं नेहमीसारखी आरडाओरडा करत होती, आणि खालून तो आवाज इतका मोठा असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला पाहून मुंगी तीरासारखी धावत आली.

‘आई! तू खाली आलीस! ढब्बू बघ ना कसा करतोय. त्याने हात आत घातलेत आणि बाहेर काढतच नाहीये. बाई म्हणाल्या काढ, तरी नाही काढत.’

ढब्बू नळामागे भिंतीला पाठ लावून उभा होता. दोन्ही हात शर्टाच्या आत पोटाशी घेतले होते. बाह्या रिकाम्या लोंबत होत्या. त्याच्या वर्गाच्या तरुण बाई त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून काहीतरी समजावत होत्या. त्यांनी कुंपणाशी उभ्या असलेल्या आईला पाहिलं, काय ओळखायचं ते ओळखलं आणि त्याला हळूच जाळीपर्यंत आणून सोडलं.

‘ढब्बू,’ ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघेना.

‘मामा मेले?’

‘नाही रे. कोपर खरचटलंय थोडं. खुर्चीवर बसलेत.’

‘मी केलं ना?’ तो म्हणाला. ‘मी खाली केलं. मला लोखंड दिसलंच नाही. मी पोरांना दाखवत होतो.’ आणि मग, जे तो कधीच करत नसे, ते एका दमात बोलून टाकलं. ‘मी आता हात कधीच बाहेर काढणार नाही. घरी पण नाही.’

तिने जाळीत बोटं अडकवली. एक सत्तावन्न वर्षांचा आणि एक साडेचार वर्षांचा, दोघांनी तिची चूक आपापल्या डोक्यावर घेतली होती. आणि ती स्वतः मात्र साहेबांपुढे नामानिराळी होऊन आली होती. स्वतःची एवढी किळस तिला जन्मात आली नव्हती.

‘ढब्बू, इकडे बघ. तुझ्या हाताने क्रेन हलत नाही.’

‘हलते. रोज हलते.’

‘नाही हलत. कधीच हलली नाही. वर एक दांडा असतो, तो मी ढकलते, तेव्हा हलते. रोज मीच हलवत होते. तू खुशीत राहावंस म्हणून. आजही मीच हलवली. मामांकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघितलं. चूक माझी आहे.’

‘एकदा पण नाही? माझ्या हाताने एकदा पण नाही हलली?’

‘एकदाही नाही.’

त्याचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं, हे ऐकून त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ते उतरलंही असेल. पण त्याच्याबरोबर त्याचं काहीतरी गेलं होतं, आणि ते तिनेच दिलं होतं, तिनेच काढून घेतलं. तो तसाच उभा राहिला, बाह्या लोंबत.

मुंगीला मात्र गप्प राहणं कधी जमलंय? ‘मग तू सांगितलंस तुझ्या बाईंना?’

‘माझ्या कोण बाई?’

‘तुझ्या कामावरच्या. आमच्या बाई म्हणतात, ज्याने केलं त्याने स्वतः सांगायचं. दुसऱ्याचं नाव नाही घ्यायचं. घेतलं तर दोन चुका होतात.’

‘नाही सांगितलं,’ ती म्हणाली.

‘मग जा ना,’ मुंगी म्हणाली, चप्पल विसरलेल्या माणसाला चप्पल घालून ये म्हणावं इतक्या सहज.

घंटा झाली. बाई पोरांना रांगेत लावू लागल्या. ढब्बू रांगेकडे गेला. ती त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली नाही. राहिली असती तर पुन्हा धीर सुटला असता. ती तडक गल्ली ओलांडून पत्र्याच्या खोलीत शिरली.

‘साहेब, मामांचा हात खाली गेला नव्हता. त्यांची मूठ वरच होती.’

साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. ‘पुन्हा सांगा.’

तिने पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून. रिकामा हूक, साडेदहा, नळ, पंधरा दिवस, आणि थोड्या वेळापूर्वी बोललेलं खोटं. मामांनी चहा पिताना तोंड फिरवलं होतं तेवढं सोडून सगळं सांगितलं. साहेब नुसते वहीत लिहीत राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

‘केबिनची किल्ली,’ शेवटी ते म्हणाले.

तिने पट्ट्याला अडकवलेली किल्ली सोडवून टेबलावर ठेवली.

‘चौकशी होईल. तोवर वर जायचं नाही. त्यानंतरचं मी आत्ता सांगू शकत नाही. जाऊ द्यावं असं मला तरी वाटत नाही.’

‘हो,’ ती म्हणाली.

बाहेर मामा खुर्चीवरच होते, हात गळ्यात बांधलेला. पत्र्याच्या खोलीतलं बाहेर सगळं ऐकू जातं. तिने त्यांच्यासमोर उभं राहून हात जोडले.

‘बरं झालं,’ मामा म्हणाले. ‘गेटवर बसून मला नुसती झोप आली असती.’ मग हसू आवरून म्हणाले, ‘माझा राग आहे तुझ्यावर. आठ-पंधरा दिवस राहील. मग ये.’

शाळा साडेबाराला सुटायची. तिने नवऱ्याला फोन केला, आज पोरांना मी आणते. त्याने विचारलं, एवढ्यात कशी उतरलीस? ती म्हणाली, घरी आल्यावर सांगते, सगळं सांगते. तो बरं म्हणाला.

मग ती फाटकासमोर जाऊन उभी राहिली. हळूहळू दुसरी आईबापंही जमली. तिथून शाळेचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. भिंत, फाटक आणि फाटकावरचा रंग उडालेला पत्रा. आतून पोरांच्या एकसुरात म्हणण्याचा आवाज आला, मग बंद झाला. ढब्बू त्यात होता की नाही? डबा खाल्ला असेल? चड्डी ओली केली असेल? हात आतच असतील? रडत असेल तर बाईंना कळेल? आज सकाळपर्यंत असल्या प्रश्नांचं उत्तर ती नुसती मान वळवून मिळवत होती. आता पायाखाली जमीन होती आणि समोर भिंत. शेजारची एक बाई म्हणाली, ‘पहिल्यांदाच आलात वाटतं? सवय होते हो. पहिले काही दिवस जीव नुसता वरखाली होतो.’ घड्याळात बारा बावीस झाले होते, आणि ती आठ मिनिटं तिला शिडीपेक्षा लांब वाटली.

फाटक उघडलं. मुंगी पुढे होती आणि आल्या आल्या सुरू झाली, नवीन बाकं हिरवी आहेत, एका मुलाचा दात पडला, बाईंनी दात कागदात गुंडाळून दिला. मागून ढब्बू आला. दोन्ही हात बाह्यांतून बाहेर आलेले होते. तिने मनात हुश्श केलं, पण तोंडावर दिसू दिलं नाही.

‘काय केलंस आज शाळेत?’ तिने विचारलं.

‘काही नाही.’

तिने त्याचं दप्तर घेतलं. तिघं गल्लीतून चालू लागली. क्रेन बंद उभी होती. ढब्बूने एकदा वर पाहिलं, मग तिच्याकडे.

‘तू बघितलं नाहीस वरून?’

‘नाही रे. आता मला दिसणार नाही तिथून. तू सांगितलंस तरच कळेल.’

तो रस्त्यावरचा एक खडा पायाने ढकलत चालत राहिला. तिला विचारायची इतकी उबळ आली होती की जीभ दाताखाली धरावी लागली. मुंगीनेसुद्धा, का कोण जाणे, मधे तोंड घातलं नाही. गल्लीचं वळण आलं, ते ओलांडून दुसरं वळण आलं. मग ढब्बू खाली रस्त्याकडे बघतच म्हणाला,

‘बाईंनी माझा एक हात बाहेर काढला. दुसरा मी काढला.’